त्याला हवंय काय?

पटकथा लिहू पाहणारी तरुण मुलं भेटली की उत्साहाने सांगतात, ‘जातीवर एक जबरदस्त विषय आहे.’ मी विचारतो, ‘बरं, पण तुझ्या माणसाला हवंय काय?’ बहुतेक जण इथेच अडतात. विषय डोंगराएवढा असतो, पण त्यातून एक सीन निघत नाही.

२०१४ साली प्रदर्शित झालेला नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ मी यासाठीच पुन्हा पुन्हा पाहतो. या सिनेमातल्या जब्या नावाच्या शाळकरी पोराला काळी चिमणी हवी आहे. तिची राख अंगावर टाकली की वर्गातली शालू आपली होईल, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलंय. झाली गोष्ट सुरू! गलोल घेऊन रानोमाळ भटकणं, जीन्सचा ध्यास, त्या पैशांसाठी सायकलवर गारेगार विकणं, सगळं या एका ओढीतून येतं. दुसरीकडे बाप कचरू. लेकीचं लग्न तोंडावर आलेलं, त्यामुळे गावातली डुकरं धरण्याचं काम त्याला सोडवत नाही. आपलं घर हे काम करतं, ते शालूच्या नजरेला पडू नये, ही जब्याची धडपड.

आता शेवट बघा. डुकरांमागची ती धावाधाव नेमकी शाळेजवळ घडते. वर्गातली पोरं खिदळतायत, शालूही त्यांच्यात. डुक्कर हाताशी येतं न येतं तोच शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं; सगळं कुटुंब जागच्या जागी ताठ उभं राहतं आणि डुक्कर निसटतं. हाच प्रसंग दूर माळावर घडला असता, तर कष्टाचं एक चित्र तेवढं उरलं असतं. शाळेपाशी आणल्यामुळे जब्याने सिनेमाभर जपलेली लाज चारचौघांत उघडी पडते. म्हणून त्याने शेवटी भिरकावलेला दगड थेट आपल्यावर येतो. जातीवर एकही भाषण न देता हे साधलं आहे. बांधणी म्हणतात ती हीच.

तीन अंक, मध्यंतराचा धक्का, अमुक पानावर कलाटणी, हे आराखडे मी मोडीत काढत नाही. दुसऱ्या ड्राफ्टला त्यांचा उपयोग होतो. पहिल्याच दिवशी ते हाती घेतले, तर माणसं त्या चौकटीसाठी राबू लागतात.

तेव्हा लिहिणाऱ्यांनो, माझं एवढं ऐका. तुमच्या माणसाला काय हवंय आणि तो कुणापासून काय लपवतोय, हे आधी साध्या दोन ओळींत मांडा. ते जमेपर्यंत पहिला सीन लिहायला घेऊ नका.