सगळ्या वाडीची गाडी

मारुती ओम्नी २०१९ साली बंद झाली. पस्तीस वर्षं रस्त्यावर राहिलेली गाडी, पण तिला निरोप द्यायला फारसं कुणी थांबलं नाही. २०१४मध्ये मारुती ८०० थांबली तेव्हा पहिल्या गाडीच्या आठवणींनी वर्तमानपत्रांची पानं भरली होती. ओम्नीच्या वाट्याला हिंदी सिनेमातली पळवापळवीची गाडी एवढीच ओळख आली. शहापूर-मुरबाडकडच्या माणसाच्या हे जिवाला लागतं. इकडे ८०० उभी असायची ती डॉक्टर-वकिलांच्या दारात. आपल्या अंगणात आली ती व्हॅन. आमच्याकडे ओम्नी म्हणून तिला हाक मारणारे थोडेच. ती व्हॅनच होती आणि व्हॅनच राहिली.

तिचं मूळ घर जपानमधलं हमामात्सु. मिचिओ सुझुकी यांनी तिथे १९०९ साली माग बनवायचा कारखाना काढला. भिवंडीच्या शेजारी राहणाऱ्या आपल्यासारख्यांना मागाचा खडखडाट वेगळा सांगायला नको. मागवाल्यांच्या घरातून मोटारी निघाल्या ही गोष्ट मला फार आवडते. महायुद्धानंतरच्या जपानमध्ये पैसा कमी आणि गल्ल्या अरुंद. सरकारने छोट्या गाड्यांचा एक वेगळा वर्गच ठरवला: लांबी-रुंदी आणि इंजिन ठरलेल्या मापाच्या आत ठेवा, करात सवलत घ्या. सुझुकीची पहिली मोटार सुझुलाइट १९५५ साली याच वर्गात आली. १९६१मध्ये त्याच कंपनीने कॅरी नावाची छोटी मालगाडी काढली. इंजिन अवघं ३५९ सीसीचं, तेही चालकाच्या सीटखाली, म्हणजे लांबीचा मोठा भाग मालाला मोकळा. भाजीवाले, मासेवाले, छोटे शेतकरी अशा लोकांसाठी ती होती. आपली व्हॅन या कॅरीच्याच वंशातली. १९७९ साली आलेल्या कॅरीच्या पिढीवरून ती बेतली.

भारतात ती कशी आली हे बहुतेकांना माहीत आहे. मारुती उद्योग ही सरकारी कंपनी १९८१मध्ये उभी राहिली, १९८२च्या ऑक्टोबरात सुझुकीशी करार झाला, आणि १४ डिसेंबर १९८३ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते पहिल्या ८००ची किल्ली दिली गेली. पुढच्याच वर्षी व्हॅन आली. इंजिन ८००चंच, तीन सिलिंडरचं, ७९६ सीसीचं. लांबी ३३७० मिलिमीटर, रुंदी १४१०. दोन्ही बाजूंना सरकते दरवाजे. ओम्नी हे नाव मागाहून मिळालं.

ही मापं मी मुद्दाम देतो आहे. आसनगाव स्टेशनवर उतरलेल्या माणसाचा प्रवास तिथे संपत नाही. शहापूर तीनेक किलोमीटर. पुढे किन्हवली, डोळखांब, शेणवे, अघई; दुसरीकडे सरळगावावरून मुरबाड, टोकावडे, आणि मग माळशेजची चढण. मुरबाड तालुक्यात आजही रेल्वे नाही. तानसा, वैतरणा, भातसा ही मुंबईला पाणी पाजणारी धरणं शहापूर तालुक्यात, आणि याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागते. एसटी दिवसातून ठरलेल्या वेळांना. मुख्य रस्त्यापासून वाडीपर्यंत एक बैलगाडी जाईल एवढीच वाट, दोन्ही बाजूंना भाताचे बांध. त्या वाटेवर जीप जाते, पण जीपला लागणारं डिझेल आणि तिची किंमत कुणब्या-ठाकराच्या हिशेबात बसत नसे. १४१० मिलिमीटरची व्हॅन मात्र थेट अंगणात येऊन उभी राहायची. सरकत्या दरवाजाला बाहेर जागा लागत नाही, त्यामुळे कुडाला चिकटून लावली तरी माणूस उतरतो.

मग ती काय काय वाहत नव्हती! शहापूर तालुक्यात मोगरा होतो. कळ्या भल्या पहाटे खुडायच्या, ओल्या फडक्यात बांधायच्या आणि उमलायच्या आत दादरच्या फुलबाजारात पोहोचवायच्या. उशीर झाला की भाव गेला. आमच्या शेजारच्या दादांची व्हॅन या कामासाठी अंधारात सुरू व्हायची. मागची सीट काढून ठेवलेली, आत कळ्यांची गाठोडी, आणि आसनगाव स्टेशनपर्यंतचा रस्ता सगळा मोगऱ्याच्या वासाचा. परत येताना तीच गाडी खताच्या गोणी घेऊन यायची. दहा वाजता ती धुऊन, सीट बसवून दादा किन्हवलीच्या बाजारात जाणाऱ्या बायकांना न्यायचे. भेंडी-काकडीच्या दिवसांत कल्याणच्या बाजार समितीची खेप असे. कल्याणहून लोकलने येणारे जिल्हा परिषद शाळांचे मास्तर आणि बाई मिळून एक व्हॅन ठरवत, महिन्याला पैसे देत. शनिवारची सकाळची शाळा असली की व्हॅनवाला आधी स्टेशनवर उभा.

लग्नसराईत तर विचारूच नका. हळदीच्या रात्री बेंजोवाल्यांची सगळी सामग्री, ढोल, कॅसियो, भोंगे, एका व्हॅनमध्ये मावायची आणि वर चार वाजवणारे बसायचे. गणपती आणताना तिच्यासारखी गाडी नाही: जमीन खाली, दरवाजा रुंद, मूर्ती उचलून सरळ आत ठेवायची आणि एकाने मांडी घालून धरून बसायचं. पौष पौर्णिमेला म्हसा गावच्या जत्रेला लहान मुलं, म्हाताऱ्या, भाकऱ्यांची टोपली आणि येताना घोंगड्या. किती माणसं बसवली जात, हे आज आठवलं की अंगावर काटा येतो.

आणि रात्रीच्या खेपा. ज्यांच्या दारात व्हॅन होती, त्यांना तालुक्यात सगळे ओळखत. रात्री दोनला कडी वाजली की घरातलं कुणी "कोण" म्हणून विचारत नसे. बाहेरून आवाज यायचा, "दादा, गाडी हाय ना? सूनबाईला कळा सुटल्यात." पावसाळ्यात साप चावलेला माणूस, कुणाचा ताप डोक्यात गेलेला, कुणी झाडावरून पडलेलं. डोंगरातल्या पाड्यावरून बाईला झोळीत घालून माणसं चिखलातून रस्त्यापर्यंत आणत, आणि रस्ता सुरू होतो तिथे दिवे लावून व्हॅन थांबलेली असे. तिथून शहापूरचं सरकारी रुग्णालय, आणि तिथे सोय नसली तर ठाणे. मागची सीट काढली की माणूस सरळ आडवा होतो, डोक्याशी आई बसते, पायाशी भाऊ. व्हॅनमध्येच जन्मलेली मुलंही आमच्या भागात आहेत, आता मिशा फुटलेली. भाड्याचं बोलणं दुसऱ्या दिवशी. कित्येकदा ते निघतच नसे. सुगी झाली की पायलीभर तांदूळ दारात येत.

१०८ क्रमांकाची रुग्णवाहिका महाराष्ट्रात २०१४ साली सुरू झाली, आणि ती आली हे फार बरं झालं. तिच्यात प्राणवायू असतो, डॉक्टर असतो. व्हॅनमध्ये यातलं काही नव्हतं. तिच्याजवळ एकच गोष्ट होती: ती दहा घरं सोडून उभी होती.

पण जवळ उभी असलेली प्रत्येक गाडी अशी रात्री निघत नाही. व्हॅन का निघायची, याचा मी बराच विचार केला आहे. मालकांचा चांगुलपणा होताच, तो मी कमी लेखत नाही. त्याबरोबर एक साधी पैशाची गोष्टही होती. आमच्याकडे नवी व्हॅन क्वचित कुणी घेतली. ठाण्याची एमएच ०४ नाहीतर कल्याणची एमएच ०५ असलेली, शहरातल्या दुकानदाराने दहा-बारा वर्षं वापरून काढलेली गाडी इकडे यायची. किंमत नव्या मोटारसायकलएवढी. भात विकून, नाहीतर बायकोची बोरमाळ मोडून रोख दिले की मोकळे. बँकेचा हप्ता नाही. त्यामुळे गाडीची प्रत्येक फेरी पैशात मोजायची गरज नव्हती. ज्या गाडीवर हप्ता चालू आहे तिच्या मालकाला रात्री अडीचलाही महिन्याची पाच तारीख दिसत असते. व्हॅनच्या मालकाला फक्त पेट्रोल दिसायचं, आणि दोन लिटर पेट्रोल माणसाच्या जिवापुढे कुणीही सोडून देतो.

दुरुस्तीचंही तसंच. पुढची सीट उचलली की इंजिन समोर. महामार्गालगतच्या कुठल्याही मिस्त्रीला ती यायची आणि मालकालाही निम्मी यायची. कार्ब्युरेटर उघडून फुंकर मारणं, क्लचची वायर बदलणं, प्लग काढून पॉलिश पेपरने घासणं ही कामं अंगणात आंब्याखाली होत. थंडीत चॉक ओढून धरायचा. सेल्फ गेला तर धक्का. गाडीचं वजन जेमतेम आठशे किलो, दोन पोरं पुरेशी. मागचे पाटे बसले की लोहाराकडून एक पान वाढवून घ्यायचं. पुढे कार्ब्युरेटर जाऊन इंजेक्शनचं इंजिन आलं तेव्हा गाडी सुधारली खरी, पण मिस्त्री लोक जुन्या गाडीबद्दलच प्रेमाने बोलत राहिले.

तिचे स्वभावही ठाऊक झाले होते. मागची चाकं ओढणारी गाडी, रिकामी असली की चिखलाच्या चढणीवर घसरायची. मग मागे दोघांना बसवायचं किंवा वाळूची गोण टाकायची. मे महिन्यात सीटखालच्या इंजिनाने चालकाची पाठ आणि मांड्या भाजून निघत. कसाऱ्याच्या नाहीतर माळशेजच्या घाटात जुनी गाडी तापली की बाजूला घेऊन थांबायचं, झाकण लगेच उघडायचं नाही. माळशेजच्या वरच्या वळणांवर आषाढातला वारा तिला अक्षरशः हलवतो. स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरून शांतपणे जायचं, हे नव्या माणसाला आधी सांगावं लागे.

ती धोकादायक होती, हे तिच्यावर प्रेम करणाऱ्याने आधी बोललं पाहिजे. चालकाचे गुडघे आणि समोरून येणारा ट्रक यांच्यामध्ये पत्र्याचा एक थर होता, दुसरं काही नाही. मुंबई-नाशिक महामार्गावर कंटेनरच्या शेजारून ती जाताना बघवत नसे. काहींनी पैसे वाचवायला घरगुती गॅसच्या टाक्या बसवल्या, त्यातून आगी लागल्या. शाळेच्या मुलांना कोंबून नेणं तर अक्षम्यच होतं. २०१९मध्ये चालकाची एअरबॅग, वेगाची सूचना देणारा भोंगा, टक्कर चाचणी असे नियम सर्व गाड्यांना लागू झाले, आणि पाठोपाठ २०२०च्या एप्रिलपासून प्रदूषणाचा बीएस-६ हा मापदंड येणार होता. चाळीस वर्षांपूर्वीच्या सांगाड्यात हे बसवणं शक्य नव्हतं. तिचं थांबणं योग्य होतं. माझ्या मनात त्याबद्दल शंका नाही.

मला चुटपुट लागते ती तिच्या कामाची पुढे झालेली वाटणी बघून. माल टाटा एसने, म्हणजे छोटा हत्तीने, २००५ नंतर उचलला. माणसं ईकोने घेतली. ईकोही सुझुकीचीच, २०१०पासूनची, जास्त ताकदीची. आज आसनगाव स्टेशनबाहेर शेअरने माणसं भरतात त्यांत ईको पुष्कळ दिसतील. चांगली गाडी आहे, आणि ती चालवणारी पोरं कष्टाळू आहेत. पण ती बहुतेकांनी कर्जावर घेतलेली असते. सकाळी सहापासून रात्री शेवटच्या लोकलपर्यंत ती फिरवावी लागते, आणि रात्री तो पोरगा दमून पडलेला असतो. त्याने फोन उचलला नाही तर मी त्याला दोष देणार नाही. जून २०२५मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला. आमच्या तालुक्यातूनच तो गेला. नागपूरहून निघालेली गाडी आमच्या डोंगरातून बोगद्यांनी झपकन निघून जाते. त्या रस्त्यापासून खाली पाड्यापर्यंतची वाट मात्र अजून व्हॅनच्याच मापाची आहे.

सुझुकी कंपनीची धुरा कित्येक वर्षं सांभाळणारे ओसामू सुझुकी २०२४च्या डिसेंबरात वारले, त्यानंतर आपल्या सरकारने त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण दिलं. त्यांच्याबद्दल जे लिहिलं गेलं त्यात ८०० होती, स्विफ्ट होती, गुरगावचा कारखाना होता. डोळखांबच्या पुढच्या एखाद्या पाड्यावर त्यांच्या गाडीतून बाळंतिणी नेल्या गेल्या, हे त्यांच्या कानावर कधी गेलं असेल का, असं तेव्हा वाटून गेलं. जपानमध्ये कॅरी अजून निघते, आता ६६० सीसीच्या इंजिनाची. तिथले शेतकरी अजून ती वापरतात.

आमच्या भागातल्या व्हॅन आता एकेक करून मोडीत निघत आहेत. पंधरा वर्षं उलटली की दर पाच वर्षांनी पासिंग करून घ्यावं लागतं. त्याची फी २०२२च्या एप्रिलपासून सहाशेवरून पाच हजार झाली, शिवाय पर्यावरण कर. गाडीचीच किंमत किती राहिली आहे, असा विचार करून बरेच जण भंगारवाल्याला बोलावतात. तो वजनावर भाव सांगतो आणि गॅस कटर घेऊन येतो.

शेजारच्या दादांकडेही तो येऊन गेला. दादांच्या मुलाने ईको घेतली आहे, तिचे हप्ते चालू आहेत. दादांनी व्हॅन दिली नाही. कल्याणला जाऊन पाच हजार भरले, पासिंग केलं, मागचे दोन टायर नवे टाकले. मोगरा हल्ली मुलगा ईकोतून नेतो, त्यामुळे व्हॅनला रोजचं काम असं नाही. "मग ठेवलीत कशाला?" मी विचारलं. दादा म्हणाले, "वरच्या वाडीत यंदा दोघी दिवसांत आहेत. पाऊस होऊन जाऊ दे, मग बघू."