रिकाम्या कबरीनंतरचा सोमवार

पंचवीस डिसेंबरला छत्रपती संभाजीनगरात माझा फोन शुभेच्छांनी भरून जातो. शेजारी, ओळखीचे प्राध्यापक, कोपऱ्यावरचा किराणावाला, सगळ्यांना नाताळ ठाऊक आहे. ईस्टर मात्र मार्च-एप्रिलच्या उन्हात येतो आणि ख्रिस्ती घरांबाहेर फारसा कुणाच्या लक्षातही येत नाही. श्रद्धेच्या हिशेबात हा क्रम अगदी उलटा आहे. मार्क आणि योहान यांच्या शुभवर्तमानांत येशूच्या जन्माची कथाच नाही. 25 डिसेंबरच्या नाताळाची पहिली खात्रीची नोंद रोममधली, इ.स. 336 ची, म्हणजे येशूच्या काळानंतर तीनशे वर्षांनी. पुनरुत्थानाची साक्ष मात्र पहिल्या पिढीपासून आहे. मंडळी जन्मली तीच त्या साक्षीतून.

मी नवा करार शिकवते आणि उपासनाही चालवते. वर्गात असो की कुणाच्या ओसरीवर, एक प्रश्न हटकून येतो. येशूची शिकवण पटते, डोंगरावरचे प्रवचन तर गांधीजींनाही भावले होते. पण मेलेला माणूस उठला हे मानायलाच हवे का? विचारणारे प्रामाणिकपणे विचारतात, म्हणून उत्तरही सरळ देते. हो, ख्रिस्ती श्रद्धा त्यावरच उभी आहे. पुनरुत्थान वजा केले तर रोमन सत्तेने ठार मारलेला एक थोर शिक्षक उरतो. आदर वाटावा असा, पण ज्याच्या नावाने मरणाच्या दारात उभ्या असलेल्या माणसाला धीर द्यावा असा नव्हे. प्रेषित पौलानेही करिंथच्या ख्रिस्ती मंडळीपुढे हा मुद्दा पळवाट न ठेवता मांडला होता.

क्रूस ही रोमन साम्राज्यात गुलामांना आणि बंडखोरांना द्यायची शिक्षा. इ.स. 26 ते 36 या काळात यहूदियाचा कारभार पाहणाऱ्या पिलाताने येशूला ती फर्मावली. अशा मृत्यूनंतर चळवळी विझत. इ.स. 132 ते 135 मध्ये रोमविरुद्ध लढलेल्या शिमोन बार कोखबाला अनेकांनी मसीहा मानले होते. तो मारला गेला आणि त्याच्यावरची आशाही संपली. येशूचे शिष्यसुद्धा पांगलेच होते. पेत्राने तर ओळखही नाकारली होती. तीच माणसे थोड्याच दिवसांत, ज्या शहरात त्याला मारले त्याच यरुशलेमेत उभी राहून, तो उठला आहे असे सांगू लागली. त्यासाठी तुरुंग आणि मरणही त्यांनी पत्करले. यामागे काय घडले असेल, हा इतिहासाच्या अभ्यासकालाही टाळता न येणारा प्रश्न आहे.

आपल्या हाती असलेली सर्वांत जुनी लेखी साक्ष पौलाची आहे. इ.स. 54 च्या सुमारास करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात तो साक्षीदारांची यादी देतो: पेत्र, बारा जण, पाचशेहून अधिक बंधू, याकोब, इतर प्रेषित आणि शेवटी स्वतः. ही साक्ष आपल्याला इतरांकडून मिळाली, असेही तो बजावतो. म्हणजे तिचा उगम पत्राच्याही मागे, घटनेच्या फार जवळ जातो. त्या पाचशेंपैकी बहुतेक अजून हयात आहेत, हेही तो सांगतो. ज्याला शंका असेल त्याने जाऊन विचारावे, इतका मोकळेपणा त्यात आहे.

शुभवर्तमानांच्या कथा वाचताना मला त्यांचा संयम जाणवतो. येशू प्रत्यक्ष उठतानाचा क्षण चारांपैकी एकानेही रंगवलेला नाही. कबर रिकामी सापडते आणि मग भेटी होतात, एवढेच सांगितले आहे. मार्काच्या सर्वांत जुन्या हस्तलिखितांत तर शेवटी स्त्रिया घाबरून कबरीपासून पळतात आणि पुस्तक तिथेच थांबते. कबर रिकामी पाहणाऱ्या पहिल्या व्यक्ती म्हणजे या स्त्रियाच, मग्दालीया मरीया त्यांत आघाडीवर. त्या काळच्या यहुदी समाजात न्यायसभेपुढे स्त्रीच्या साक्षीला फारशी किंमत नव्हती. कथा बेतूनच सांगायची असती तर कुणी असे साक्षीदार निवडले नसते. शिष्यांनाही त्यांचे बोलणे आधी बाष्कळच वाटले, आणि लूकाने ते लपवलेले नाही.

आपल्याकडे हे वाचताना मला पंडिता रमाबाई आठवतात. 1896-97 च्या दुष्काळातून आणि विधवापणाच्या जाचातून वाचवलेल्या मुली-बायकांना त्यांनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये आसरा दिला, लिहायला-वाचायला शिकवले, छापखान्यात हाताला काम दिले. स्वतः हिब्रू आणि ग्रीकचा अभ्यास करून बायबलचे मराठी भाषांतर केले. 1922 मध्ये त्या वारल्या आणि 1924 मध्ये ते पूर्ण बायबल केडगावच्याच छापखान्यातून बाहेर आले. ज्यांना समाजाने जिवंतपणी मेल्यात जमा केले होते, त्यांच्या हातून पुनरुत्थानाची वार्ता छापली गेली. मरीयेची साक्ष ज्या देवाने स्वीकारली त्याच देवावर रमाबाईंचा भरवसा होता, आणि त्या भरवशातून छापखाना, शेती, शाळा उभी राहिली.

पुनरुत्थान म्हणजे नेमके काय, याविषयी मराठी वाचकाचा गोंधळ होऊ शकतो, कारण मृत्यूपलीकडचा विचार आपल्या मातीत फार खोल रुजलेला आहे. आत्मा अमर आहे, देह वस्त्रासारखा टाकायचा, हे आपण लहानपणापासून ऐकतो. पैठणला नाथषष्ठीला जमणारा वारकरी एकनाथांची समाधी ज्या भावाने पाहतो, त्या भावाविषयी मला आदर आहे. ख्रिस्ती श्रद्धा इथे वेगळे काही सांगते. येशूचा आत्मा तेवढा टिकला, असे शिष्यांनी म्हटले नाही. तो दुसऱ्या जन्माने आला, असेही नाही. येशूने उठवलेल्या लाजरसारखा जुन्या आयुष्यात परतून पुन्हा मरणारही नव्हता. त्याचा देहच नवा झाला, असे ते सांगतात. हा देह मरणाच्या आवाक्याबाहेरचा आहे, तरी त्याच्यावर खिळ्यांच्या खुणा आहेत. तो शिष्यांसोबत भाजलेला मासा खातो, तळ्याकाठी कोळशाच्या विस्तवावर त्यांच्यासाठी न्याहारी करतो.

खुलताबादच्या दर्ग्यांत निजलेल्यांविषयी आमच्या मुस्लिम शेजाऱ्यांची श्रद्धा आहे की कयामतच्या दिवशी सगळे उठतील. येशूच्या काळच्या परुशी या यहुदी पंथाचीही अशीच आशा होती. शेवटच्या दिवशी व्हायचे ते इतिहासाच्या मध्यावर एका माणसाच्या बाबतीत घडले, हा पहिल्या ख्रिस्ती लोकांचा दावा होता. भविष्य आधीच सुरू झाले आहे आणि आपण त्यात जगायला लागायचे आहे, हा त्याचा अर्थ. रोजच्या जगण्याशी पुनरुत्थानाचा संबंध इथे जुळतो. देवाने देह उठवला असेल तर देह टाकाऊ नाही. भूक, आजार, घाम, स्पर्श यांना देवापुढे किंमत आहे.

मराठवाड्यात या विचाराला विशेष धार आली, कारण इथे काही माणसांचे देहच विटाळाचे ठरवलेले होते. नारायण शेषाद्री ब्राह्मण घरात जन्मले आणि 1843 मध्ये मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपती याच्यावरून मुंबईत मोठे वादळ उठले आणि त्याला जातीत परत घ्यावे म्हणून बाळशास्त्री जांभेकर झटले. पुढे नारायण शेषाद्री जालन्याला आले. जालना तेव्हा निजामाच्या राज्यात होते आणि 1981 पर्यंत औरंगाबाद जिल्ह्यातच होते. त्यांच्या मंडळीत मुख्यतः मांग समाजातली कुटुंबे आली. निजामाचे दिवाण सालारजंग यांनी दिलेल्या जमिनीवर त्यांनी बेथेल हे गाव वसवले. ज्यांना गावकुसाबाहेर ठेवले होते त्यांना स्वतःचे गाव मिळाले. 1873 मध्ये न्यूयॉर्कच्या आंतरराष्ट्रीय ख्रिस्ती परिषदेत याच शेषाद्रींनी भाषण केले. पण मला त्याहून मोठी वाटते ती बेथेलमधली पंगत, जिथे ब्राह्मण घरात जन्मलेला माणूस मांगांसोबत एका भाकरीतून प्रभुभोजन घेत होता.

हे काम अर्धेच राहिले आहे, तेही सांगायला हवे. लग्न जमवताना जात आमच्या मंडळ्यांतही डोकावते. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती धर्माशी बांधल्या. 1956 मध्ये शिखांना आणि 1990 मध्ये बौद्धांना त्या मिळाल्या, ख्रिस्ती दलितांना अजून नाहीत. उठलेल्या ख्रिस्ताच्या देहावर जखमा कायम होत्या. म्हणून जातीच्या या जखमा झाकून ईस्टर साजरा करणे आम्हाला शोभत नाही.

मृत्यूचे भय कमी झालेला माणूस काय करतो, याची एक जुनी नोंद आहे. इ.स. 260 च्या सुमारास अलेक्झांड्रियात साथ पसरली असताना तिथला बिशप डायोनिशियस याने ईस्टरनिमित्त लिहिलेले पत्र युसेबियसच्या इतिहासग्रंथात जपले गेले आहे. ख्रिस्ती लोक आजाऱ्यांची शुश्रूषा करत राहिले, मेलेल्यांना स्वतःच्या हाताने अंघोळ घालून पुरत राहिले आणि त्यांतले कित्येक त्याच आजाराने गेले, असे तो सांगतो. मिशन हॉस्पिटलांमागेही हीच प्रेरणा आहे. जालन्याच्या मिशन हॉस्पिटलात ज्यांची बाळे जन्मली अशी कुटुंबे या भागात सर्व धर्मांत सापडतील. 12 एप्रिल 2020 चा ईस्टर टाळेबंदीत आला आणि चर्चची दारे बंद होती. पण इथल्या घाटी रुग्णालयात ड्युटीवर जाणाऱ्या परिचारिकेने त्या सकाळी जे केले, ते माझ्या लेखी उपासनाच होते.

त्याच टाळेबंदीत, 8 मे 2020 च्या पहाटे, करमाडजवळ रेल्वे रुळांवर थकून झोपलेल्या सोळा मजुरांना मालगाडीने चिरडले. मध्य प्रदेशातली ही माणसे जालन्याहून पायी घराकडे निघाली होती. रुळांवर विखुरलेल्या त्यांच्या चपात्या सगळ्या देशाने पाहिल्या. पुनरुत्थानाविषयी जे बोलायचे ते त्या रुळांवर उभे राहून बोलता आले पाहिजे, नाहीतर बोलूच नये. देवाने हे का होऊ दिले, याचे उत्तर पुनरुत्थान देत नाही. ते एवढे सांगते: येशूही राबणाऱ्या घरातला होता आणि सत्तेच्या निर्णयाने रस्त्याकडेला मारला गेला. माणसांच्या न्यायालयाने त्याच्यावर दिलेला निकाल देवाने तिसऱ्या दिवशी उलटवला. ज्यांचा जीव जगाने स्वस्त ठरवला त्यांच्याविषयीचा शेवटचा शब्द जगाचा नाही, हे त्या दिवशी ठरले. दफनविधी आटोपल्यावर मूल गमावलेल्या आया माझा हात धरून विचारतात, "बाई, पुन्हा भेट होईल ना?" मी हो म्हणते. दिलाशापुरते ते म्हणत नाही. ज्याने खिळ्यांच्या खुणांसकट आपल्या मुलाला उठवले तो देव त्यांच्या मुलालाही विसरणार नाही, यावर माझा विश्वास आहे.

मग उरतो सोमवार. पहिल्या ख्रिस्ती लोकांनी आठवड्याचा पहिला दिवस, म्हणजे पुनरुत्थानाचा दिवस, उपासनेसाठी धरला. तेव्हा तो कामाचा दिवस होता, त्यामुळे गुलाम आणि मजूर कामाआधी पहाटे जमत. आपल्याकडे गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी 1890 मध्ये मिळाली ती नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्यामुळे. राबणाऱ्या देहाला विसावा मिळवून देणारा तो लढा मला ईस्टरच्या विश्वासाला फार जवळचा वाटतो. वाळूजच्या कारखान्यातला पाळीचा कामगार रविवारी भाकर मोडतो आणि सोमवारी यंत्रापुढे उभा राहतो. या दोन दिवसांना जोडणारे काही नसेल तर रविवारही पोकळच राहील.

पौलाने ते जोडून दाखवले आहे. पंधराव्या अध्यायात तो मृत्यूच्या पराभवापर्यंत पोहोचतो आणि शेवटी एवढेच सांगतो की प्रभूसाठी केलेले श्रम वाया जात नाहीत. लगेच पुढच्या ओळीत वर्गणीचा विषय येतो: यरुशलेमेतल्या गरिबांसाठी प्रत्येकाने आठवड्याच्या पहिल्या दिवशी आपल्या ऐपतीप्रमाणे पैसे बाजूला ठेवावेत. आपल्या बायबलांत या दोन ओळींमध्ये सोळाव्या अध्यायाचा मथळा येतो, पण ही अध्यायांची विभागणी तेराव्या शतकातली. पौलाच्या पत्रात तिथे खंड नव्हता. मरणावरचा विजय आणि गरिबांची पेटी त्याने एका दमात लिहिली.

म्हणून विद्यार्थ्यांना मी सांगते, पुनरुत्थानावर विश्वास आहे की नाही हे पंधराव्या अध्यायाच्या परीक्षेत कळत नाही, सोळाव्याच्या पहिल्या ओळीत कळते. विधवेचे पेन्शनचे कागद घेऊन तहसीलच्या खेपा घालणारी ताई, वस्तीत नळाला पाणी यावे म्हणून भांडणारा तरुण, बरे न होणाऱ्या आजाऱ्याचे अंग रोज पुसणारी सून, यांच्या श्रमाचे फळ त्यांच्या हयातीत दिसेलच असे नाही. ते फळ देवाने राखून ठेवले आहे, आणि त्या भरवशावर आज दमून झोपलेला माणूस उद्या पुन्हा कामाला लागू शकतो.