पेराचा हिशेब

मराठीतील ‘हात’ हा शब्द मोठा उदार आहे. खांद्यापासून बोटांच्या टोकापर्यंत जे काही आहे, ते सारे या एका शब्दात सामावते. मदत करणे म्हणजे हात देणे, काटकसर करणे म्हणजे हात आखडता घेणे, काम संपवणे म्हणजे हातावेगळे करणे. बोलण्यात ही उदारता शोभून दिसते. परंतु रुग्णालयाच्या केसपेपरवर, अपघाताच्या नोंदवहीत आणि विम्याच्या दाव्यात ‘हाताला लागले’ एवढ्या शब्दांनी भागत नाही. हाताचा कोणता भाग, कोणत्या बाजूने, कुठपर्यंत, असे प्रश्न तेथे विचारले जातात. त्यांची नेमकी उत्तरे देता यावीत म्हणून वैद्यकाने एक शिस्तबद्ध भाषा घडवली आहे. तिला शरीररचनाशास्त्राची परिभाषा म्हणतात. ही डॉक्टरांची खासगी भाषा आहे, असा सर्वसाधारण समज आहे. पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्यात राहणाऱ्यांना तरी तो समज परवडणारा नाही.

या पट्ट्याचे जीवन यंत्राभोवती फिरते. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. साठच्या दशकात टेल्को आली. आकुर्डीत बजाज ऑटो उभी राहिली आणि पुढे चाकणला वाहननिर्मितीचे मोठे प्रकल्प आले. १९७० ची नगरपालिका १९८२ मध्ये महानगरपालिका झाली. मोठ्या कारखान्यांना सुटे भाग पुरवणारी लहान युनिटे भोसरी, तळवडे, कुरुळी, म्हाळुंगे अशी सर्वत्र पसरली. पत्रा कापणारी, वाकवणारी, भोके पाडणारी पॉवर प्रेस त्यांतल्या अनेकांच्या मध्यभागी असते, आणि तिच्या डायपाशी सर्वांत जवळ असतात ती माणसाची बोटे. ‘सेफ इन इंडिया’ ही संस्था २०१९ पासून ‘क्रश्ड’ नावाचे अहवाल प्रसिद्ध करते. वाहनांचे सुटे भाग बनवताना जखमी झालेल्या कामगारांच्या नोंदी त्यात असतात. हरियाणापासून सुरू झालेल्या या नोंदींत पुढे महाराष्ट्राचीही भर पडली. हाताची आणि बोटांची इजा हाच त्यांतला मोठा विषय आहे.

विशेष हे, की या पट्ट्यातील कामगाराला अशी परिभाषा मुळीच अपरिचित नाही. आयटीआय शिकलेला तरुण ड्रॉइंग हाती घेतो तेव्हा समोरचे दृश्य, वरचे दृश्य, बाजूचे दृश्य यांत गोंधळ करत नाही. मापे कोणत्या पृष्ठभागापासून घ्यायची हे ठरलेले असते. त्याला तो ‘डेटम’ म्हणतो. आतली रचना दाखवायची असेल तर वस्तू कल्पनेने कापून छेद दाखवतात, हेही त्याला ठाऊक असते. शरीररचनाशास्त्राने माणसाच्या देहाचे नेमके असेच ड्रॉइंग केले आहे.

त्या ड्रॉइंगचा डेटम म्हणजे शरीराची प्रमाण स्थिती. माणूस ताठ उभा, चेहरा समोर, हात बाजूला सोडलेले आणि तळवे पुढे वळवलेले. रुग्ण प्रत्यक्षात पालथा पडलेला असो की खुर्चीत बसलेला, वर्णन मात्र तो असा उभा आहे असे मानूनच करायचे. तळवे पुढे वळवल्यामुळे अंगठा शरीराच्या बाहेरच्या बाजूला येतो आणि करंगळी आतल्या. म्हणून अंगठ्याची बाजू ती पार्श्व आणि करंगळीची ती अभिमध्य, म्हणजे मध्यरेषेकडची. पुढची बाजू अग्र आणि मागची पश्च. हातापायांच्या बाबतीत ‘वर’ आणि ‘खाली’ हे शब्द फसवे ठरतात, कारण हात वर उचलला की सारेच उलटते. त्यासाठी समीपस्थ आणि दूरस्थ अशी जोडी आहे; केसपेपरवर ती प्रॉक्सिमल आणि डिस्टल अशी दिसते. धडाला जवळचे ते समीपस्थ, लांबचे ते दूरस्थ. कोपर मनगटाच्या मानाने समीपस्थ असते, मग हात कुठेही असो.

डावे-उजवेही असेच ठरवून घेतलेले आहे. ते नेहमी रुग्णाचे. पाहणाऱ्याचे कधीच नाही. बँकेचे पासबुक वाचताना पुष्कळांना असाच अडथळा येतो. खातेदाराने पैसे भरले की ती नोंद क्रेडिट म्हणून होते, कारण पासबुक ही बँकेच्या खातेवहीची नक्कल असते आणि ती रक्कम बँकेच्या दृष्टीने देणे असते. वही कोणाची, हे एकदा कळले की गोंधळ संपतो. शरीराच्या बाबतीत वही रुग्णाची. छातीची एक्स-रे फिल्म पाहणाऱ्याच्या डाव्या हाताला रुग्णाची उजवी बाजू असते, ती याच नियमाने. बाजू चुकू नये म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये आणलेल्या शस्त्रक्रियेपूर्वीच्या तपासणी-यादीत, नियोजित जागेवर खूण केली आहे काय, हा प्रश्न मुद्दाम विचारलेला आहे.

छेद घेण्याची प्रतले तीन. डावा आणि उजवा भाग वेगळे करणारे सॅजिटल. लॅटिनमधील बाणावरून हे नाव आले. पुढचा आणि मागचा भाग वेगळे करणारे कोरोनल, ते मुकुटावरून. वरचा आणि खालचा भाग वेगळे करणारे आडवे प्रतल म्हणजे ट्रान्सव्हर्स. सीटी स्कॅनच्या अहवालात ही नावे आढळली की घाबरण्याचे कारण नाही. चित्र कोणत्या दिशेने कापून पाहिले, एवढेच ती सांगतात.

पोकळ्यांचे ज्ञान मात्र कधीकधी जिवाशी निगडित असते. कवटीच्या पोकळीत मेंदू असतो आणि कण्याच्या नलिकेत मज्जारज्जू. छातीच्या पोकळीत हृदय व फुप्फुसे, उदराच्या पोकळीत जठर, यकृत, प्लीहा, आतडी आणि त्याखाली श्रोणीच्या पोकळीत मूत्राशय. छाती आणि उदर यांच्यामधला पडदा म्हणजे श्वासपटल. हा पडदा सपाट नसतो, घुमटासारखा वर चढलेला असतो. त्यामुळे खालच्या बरगड्यांच्या आड पोटातले अवयव दडलेले असतात. उजवीकडे यकृत, डावीकडे प्लीहा. पुणे-नाशिक महामार्गावर दुचाकी घसरून किंवा गोदामात फोर्कलिफ्टचा धक्का लागून डाव्या खालच्या बरगड्यांना मार बसला, तर घरचे लोक ‘छातीला लागले’ म्हणतात. प्रत्यक्षात रक्तस्राव पोटात होत असू शकतो. अशा वेळी ‘डाव्या बाजूला, बरगड्यांच्या अगदी खालच्या भागात’ असे सांगणारा नातेवाईक डॉक्टरांना लाखमोलाची माहिती देत असतो. त्यासाठी त्याला लॅटिन येण्याची गरज नसते.

मराठीही या बाबतीत दरिद्री नाही. दंड, कोपर, मनगट, तळहात, मळहात. मांडी, गुडघा, नडगी, पोटरी, घोटा, चवडा, टाच. तळहाताच्या उलट बाजूला मळहात हा स्वतंत्र शब्द आपल्याकडे आहे. नडगी समोरची आणि पोटरी मागची, म्हणजे अग्र-पश्च हा भेदही बोलीत पूर्वीच झालेला आहे. आणि ‘पेर’ तर किती मोलाचा शब्द! प्रत्येक बोटाला तीन पेरे, अंगठ्याला दोन. एका हाताची मिळून चौदा. चार बोटांची बारा पेरे नऊ वेळा मोजली की एकशे आठ होतात, हे नवकाराचा जप बोटांवर मोजणाऱ्या घरांत लहान मुलांनाही माहीत असते.

याच पेरांचा हिशेब कायद्यानेही मांडला आहे. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याला आणि १९४८ च्या राज्य कामगार विमा कायद्याला जोडलेल्या परिशिष्टांत, कोणता अवयव गेला तर कमावण्याची शक्ती किती टक्के घटली असे मानायचे, याची यादी होती. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती आढळते. अंगठा गेला तर ३० टक्के. तर्जनी पूर्ण गेली तर १४, दोन पेरे गेली तर ११, एक पेर गेले तर ९ आणि हाड शाबूत राहून केवळ टोक कापले गेले तर ५. मधले बोट पूर्ण गेले तर १२. अनामिका किंवा करंगळी गेली तर ७. डाव्या आणि उजव्या हातात यादी भेद करत नाही. दंडाचा छेद असेल तर खांद्याच्या हाडाच्या टोकापासून उरलेली लांबी मोजायची आणि ती २०.३२ सेंटिमीटरपेक्षा, म्हणजे बरोबर ८ इंचांपेक्षा, कमी असेल तर ८० टक्के. येथेही डेटम आहेच, फक्त तो हाडाचा आहे.

एका शब्दाची किंमत किती, हे साध्या गणिताने कळते. समजा, पंचवीस वर्षांच्या विमाधारक कामगाराची सरासरी दैनिक मजुरी ६०० रुपये आहे. कायमच्या अपंगत्वाचा पूर्ण दर मजुरीच्या ९० टक्के, म्हणजे ५४० रुपये. तर्जनीचे टोक गेले पण हाड शाबूत राहिले, अशी नोंद झाली तर ५ टक्क्यांप्रमाणे रोजचे २७ रुपये. टोकाचे पेर गेले, अशी नोंद झाली तर ९ टक्क्यांप्रमाणे ४८ रुपये ६० पैसे. फरक रोजचा २१ रुपये ६० पैसे, वर्षाचा ७,८८४ रुपये. हा लाभ आजन्म मिळतो. महागाईनुसार होणारी वाढ बाजूला ठेवून पस्तीस वर्षांचाच हिशेब धरला, तरी ही रक्कम २,७५,९४० रुपये होते. टक्केवारी अखेर वैद्यकीय मंडळ ठरवते. परंतु मंडळापुढे जी कागदपत्रे जातात, त्यांची सुरुवात पहिल्या दिवशीच्या नोंदीपासून होते.

त्या नोंदीत ‘तिसरे बोट’ असे लिहिले असेल, तर अंगठा धरून तिसरे की अंगठा सोडून? पहिल्या रीतीने ते मधले बोट होते, १२ टक्क्यांचे. दुसऱ्या रीतीने अनामिका, ७ टक्क्यांची. म्हणूनच हाताचे शल्यचिकित्सक बोटांना क्रमांक देण्याऐवजी नावे वापरणे पसंत करतात. चेकवरील अक्षरी आणि अंकी रकमेत तफावत असेल तर १८८१ चा परक्राम्य संलेख अधिनियम अक्षरी रक्कम ग्राह्य धरतो. बोटांच्या बाबतीतही अंकापेक्षा अक्षरच भरवशाचे.

जगातील वैद्यकालाही ही शिस्त सहज लाभलेली नाही. एकोणिसाव्या शतकात सुमारे पाच हजार रचनांना मिळून पन्नास हजारांच्या आसपास नावे रूढ झाली होती. १८९५ मध्ये बाझेल येथे शरीररचनातज्ज्ञांनी ती चाळून एकच सर्वमान्य यादी स्वीकारली. तिच्या सुधारित आवृत्त्या होत होत १९९८ ची आंतरराष्ट्रीय परिभाषा तयार झाली. प्रत्येक नावामागे आग्रह होता, अभिमान होता. तो सोडून देऊन सर्वांना समजेल असे एकच नाव मान्य करण्यात आले. त्यामुळे एका रुग्णालयातील नोंद आज दुसऱ्या रुग्णालयात जशीच्या तशी वाचता येते.

अपघात झाला की आधी उपचार, मग कागद. हा क्रम बदलता येत नाही. परंतु उपचार मार्गी लागल्यावर घरातील कोणीतरी एकाने शांतपणे केसपेपर वाचावा. हात उजवा की डावा, बोट कोणते, पेरे किती, हाड गेले की नाही, एवढे चार मुद्दे पाहावेत. शंका असेल तर डॉक्टरांना नम्रपणे विचारावे. एक्स-रे आणि कागदपत्रांच्या प्रती जपून ठेवाव्यात. परगावाहून आलेल्या, ठेकेदाराकडे काम करणाऱ्या एकट्या मुलाला हे वाचून दाखवणारे घरचे माणूस जवळ नसते. त्याच्या शेजारच्या खोलीत राहणाऱ्याने, त्याच्या घरमालकाने, त्याच्या युनिटातील हिशेबनिसाने ते काम केले तर त्याला काहीही खर्च येत नाही. गेलेले पेर परत येत नाही. त्याची नोंद खरी आणि पूर्ण व्हावी, एवढे मात्र शेजारधर्माच्या हाती असते.