फूटभर खाली

आमच्या दिवाणखान्यातले लंबकाचे घड्याळ हे अण्णांचे, म्हणजे माझ्या वडिलांचे, पहिले अपत्य. दर रविवारी स्टुलावर चढून ते त्याला किल्ली देत आणि रेडिओच्या बातम्यांशी काटे जुळवीत. उरलेला आठवडा घरात दुसऱ्या कुणाचेच घड्याळ बरोबर नसे.

पाच वर्षांपूर्वी त्यांचे गुडघे गेले. एकदा स्टूल डुगडुगले, तेव्हा मी न विचारता घड्याळ फूटभर खाली टांगले. अण्णा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. पुढे तीन वर्षे, जाईपर्यंत, ते उभ्याउभ्या किल्ली देत. काटे मात्र त्यांनी पुन्हा जुळविले नाहीत. मीही विषय काढला नाही.

यंदा दिवाळीच्या झाडलोटीत सौ. म्हणाली, “वर लावा की ते आता. भिंतीवरचा डाग तरी झाकेल.” मी खिळा घेऊन स्टुलावर चढलो, तर पदार्थविज्ञान शिकणारा भाचा खालून म्हणतो, “मामा, वर लावलंत तर तिथं काळ जलद चालेल हं!”

मला थट्टा वाटली. घटकेची पळे, पळाची विपळे वर्गात सांगताना मला आपल्या भाषेचा अभिमान वाटतो. विपळ म्हणजे सेकंदाचे अवघे दोन-पंचमांश! भाच्याने हसून मला अमेरिकेतल्या बोल्डर गावी नेले.

तिथे २०१० साली शास्त्रज्ञांनी दोन घड्याळे ताडून पाहिली. प्रत्येकात लंबक म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचा एकच विद्युतभारित अणू, पोकळीत अधांतरी धरलेला. त्याच्यावर लेसरचा प्रकाश टाकायचा. प्रकाशाची कंपने अणूच्या अंगच्या कंपनसंख्येशी तंतोतंत जुळली तरच तो दाद देतो. आणि ती संख्या सेकंदाला सुमारे अकराशे लाख कोटी! त्यातून हा अणू पडला घुमा. म्हणून शेजारी दुसऱ्या धातूचा एक अणू ठेवतात. लेसरने तो थंड होतो, त्याच्या संगतीने हाही निवतो, आणि याच्या मनातले तोच उजळून सांगतो. (आई होती तोवर अण्णांच्या आणि माझ्यामध्ये हे काम ती करी.)

मग एक घड्याळ ३३ सेंटिमीटर उचलले. ते खरोखरच जलद चालू लागले. पृथ्वीच्या जितके जवळ तितका काळ सावकाश, हे आइन्स्टाइनने सांगितलेच होते. पण अवघ्या फूटभर उंचीत ते मोजले गेले. २०२२ साली त्याच गावी, स्ट्रॉन्शियमच्या अणूंच्या पुंजक्यात, तो फरक मिलिमीटरभर अंतरातही दिसला.

“तीन वर्षं फूटभर खाली राहून याचा काळ किती मागं पडला असेल रे?” मी विचारले.

त्याने रद्दीच्या कागदावर आकडे मांडले. “सेकंदाचे तीन अब्जांश.”

“आणि आठवड्याला दोन मिनिटं मागं पडतं, त्याचं काय?” सौ. म्हणाली.

मी खिळा खिशात टाकला, खाली उतरलो आणि रेडिओ लावला. बातम्यांना अजून सात मिनिटे होती.