बिळाच्या तोंडाशी

इंग्लंडच्या उत्तरेला जो सरोवरांचा मुलूख आहे, तिकडे आपली माणसे गेली म्हणजे बहुधा वर्डस्वर्थच्या नावाने जातात. अल्सवॉटर तळ्याच्या काठी त्या कवीला डॅफोडिलची फुले दिसली आणि आपल्या कित्येक शाळकरी पिढ्यांना ती पाठ करावी लागली. मीही त्या फुलांसाठीच गेलो होतो. मुलगी-जावई मँचेस्टरला असतात. एप्रिलात त्यांच्याकडे मुक्काम होता. पेनरिथपर्यंत आगगाडीने आणि पुढे तळ्याच्या काठाकाठाने बसने जाऊन पॅटरडेल नावाच्या खेड्यात उतरलो. फुले पाहिली. चांगली होती. पण चार दिवस माझे मन गुंतून राहिले ते मात्र एका काळ्या, ठेंगण्या, फाटक्या कानाच्या कुत्र्यात.

ज्या शेतकऱ्याच्या घरी माझी उतरण्याची सोय झाली होती, त्यांच्या स्वयंपाकघरात चुलीपाशी हा प्राणी पसरलेला असे. नाव निप. नाकाडावर पांढरे वण. मी आत शिरलो तेव्हा त्याने एक डोळा उघडून माझ्याकडे पाहिले आणि हा उंदीर नव्हे, अशी खात्री पटताच पुन्हा मिटून घेतला. यजमान पंचाहत्तरी ओलांडलेले. शब्द मोजून बोलणारे. पण कुत्र्याविषयी विचारले, की त्यांचा चेहरा उजळे.

"हात पुढे करा," पहिल्याच संध्याकाळी ते म्हणाले. निपला उचलून त्यांनी माझ्यासमोर धरले आणि पुढच्या पायांच्या मागे, छातीभोवती माझ्या दोन्ही हातांची कवळ घालायला लावली. खाली दोन्ही हातांची मधली बोटे एकमेकांना भिडली, वर अंगठे भिडले. "बरोबर! कोल्ह्याची छाती एवढीच असते. जिथून कोल्हा जाईल, तिथून हा जाईल."

टेरिअर हा शब्दच मुळी 'टेरा' म्हणजे भूमी या लॅटिन शब्दावरून आला. भुईत शिरणारे ते टेरिअर. आपण मुंबई-पुण्यात लोकरीचे जाकीट घालून फिरायला निघालेले टेरिअर पाहतो, तेव्हा या कुत्र्याचे माप शिंप्याने नव्हे तर कोल्ह्याने घेतलेले आहे, हे कोणाच्या ध्यानात येणार? आखूड पाय, दबणारी छाती, दाट राठ केस आणि अंगाच्या मानाने भलताच मोठा जबडा, हे सारे त्या अंधाऱ्या वाटेसाठी. इथला कोल्हाही आपला कोल्हा नव्हे. आपल्याकडे ज्याला खोकड म्हणतात त्याचा हा थोराड, तांबूस, झुबकेदार शेपटीचा भाऊ. वजन पाच ते सात किलो. स्वतः फारसे खोदायचे कष्ट तो घेत नाही. सशाचे बीळ रुंद करतो, नाहीतर बॅजरने टाकलेल्या घरात बिऱ्हाड थाटतो. पागडी न देता!

टेरिअर आत गेला म्हणजे बाहेरच्या माणसाला उरतो तो फक्त कान. यजमानांनी मला ते जमिनीला कान लावून, पालथे पडून दाखवले. त्यांच्या पत्नीने मान हलवली आणि अंडी परतायला घेतली. भुंकणे पुढे सरकत असेल तर कोल्हा पळतो आहे. एकाच जागी घुमत राहिले तर तो कोपऱ्यात तोंड करून उभा ठाकला आहे. तिथे वरून कुदळ-फावडे चालवायचे. आणि आवाज बंद झाला तर? तर वरच्या माणसाच्या पोटात गोळा येतो. पुढे गळ्यातल्या पट्ट्यात बिनतारी यंत्र बसवण्याची सोय झाली आणि कुत्रा नेमका कोठे आहे हे वर समजू लागले. पण यंत्र जागा सांगते, वाट काढून देत नाही.

टेरिअर म्हटले की लोक जॅक रसेलचे नाव घेतात. हे रसेलसाहेब डेव्हनमधले पाद्री. १८१९ साली ऑक्सफर्डला शिकत असताना एका गवळ्याकडे त्यांनी पांढरी कुत्री पाहिली आणि तिथल्या तिथे विकत घेतली. तिचे नाव ट्रम्प. पुढे स्विमब्रिज गावी त्यांनी धर्मोपदेशाबरोबर कुत्र्यांची पैदासही नेटाने चालवली. प्रवचनापेक्षा कुत्र्यांनीच त्यांचे नाव जगभर नेले, हे १८८३ साली वारलेल्या त्या पाद्र्याला आवडले असते की नाही कोण जाणे. मला वाटते, आवडले असते. या पाद्रीबुवांना कोल्हा मारणारे कुत्रे नको होते. कुत्र्याने भुंकून भुंकून कोल्ह्याला बाहेर काढावे, म्हणजे घोडेस्वारांना पुन्हा दौड करायला मिळेल, असा त्यांचा हिशेब.

पॅटरडेलचा हिशेब वेगळा. इथल्या डोंगरांवर घोडा चालत नाही. शिकारी कुत्र्यांचे कळप घेऊन माणसे पायी जात. काल्डबेकचा जॉन पील (१७७६ ते १८५४) याच मुलखातला. त्याच्या मित्राने त्याच्यावर रचलेले गाणे पुढे साऱ्या इंग्लंडने म्हटले. पण बाकीची मंडळी गाण्यांसाठी निघत नसत. हर्डविक मेंढ्या इथे एप्रिल-मेमध्ये वितात. त्यांची कोकरे जन्मतः काळी असतात आणि माणसांसारखीच वयाबरोबर करडी होत जातात. कोल्हा पहाटे त्यातले एखादे उचलतो. आणि त्याचे घर मातीत नसते. कड्यावरून कोसळलेल्या धोंड्यांच्या राशींत असते. या राशींना तिथे 'बोरन' म्हणतात. तिथून कोल्हा बाहेर पडत नाही आणि तिथे खणताही येत नाही. म्हणून मेंढपाळांना असा कुत्रा हवा होता, जो आत जाऊन काम संपवूनच परत येईल. पाद्र्याला जिवंत कोल्हा हवा, मेंढपाळाला मेलेला. एकाच कामाची ही दोन कुत्री.

यजमान विशीत असताना त्यांची एक कुत्री अशाच बोरनात अडकली. पहिल्या दिवशी भुंकणे ऐकू आले, दुसऱ्या दिवशी नुसते कण्हणे, मग काहीच नाही. खोऱ्यातले दहा-बारा पुरुष पहारी घेऊन धोंडे हलवत होते. ज्यांच्याशी बांधावरून वैर होते तेही आले. तिसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला ती सापडली. मेलेल्या कोल्ह्याने पुढची वाट बुजवली होती, धोंड्याने मागची. ती जिवंत होती. "वडील त्या दिवशी रडले," म्हातारबाबा म्हणाले, "आणि पंधरा दिवसांनी त्यांनीच तिला पुन्हा आत सोडली."

हे ऐकून मी बराच वेळ काही बोललो नाही. एवढे प्रेम आणि एवढी कठोरता एकाच हातात कशी नांदते, ते मला शहरात राहून कधी समजले नसते. इथेही पुरते समजले असे नाही.

आता हे सारे बंद आहे. जवळजवळ सारे. लॉर्ड बर्न्स यांच्या समितीने २००० साली अहवाल दिला. टेरिअर घालून कोल्ह्याला खणून काढणे लांबत जाते, त्याला निसटायला वाट राहत नाही आणि त्याचे फार हाल होतात, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. २००४ साली कायदा झाला आणि १८ फेब्रुवारी २००५ पासून तो इंग्लंड-वेल्समध्ये लागू झाला. बिळात टेरिअर सोडायला एकच सवलत उरली: शिकारीसाठी राखलेल्या पक्ष्यांचे कोल्ह्यापासून रक्षण. जमीनमालकाची लेखी परवानगी हवी, कुत्रा एकच हवा आणि बाहेर पडलेल्या कोल्ह्याला ताबडतोब गोळी घालायला हवी. कोकरांचे नाव त्या सवलतीत नाही.

"धनिकाला गोळी घालायला फेझंट वाचवायचा तर माझा कुत्रा चालतो," म्हातारबाबा म्हणाले, "माझे कोकरू वाचवायला चालत नाही." मला कायदा मुळात योग्य वाटतो, पण या बोलण्याला माझ्याजवळ उत्तर नव्हते.

दुसरी बाजूही त्यांनीच सांगितली. बॅजर हा काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या तोंडाचा, दहा-बारा किलोंचा, भक्कम नख्यांचा प्राणी. १९७३ पासून कायद्याने त्याला संरक्षण आहे, १९९२ च्या कायद्याने ते आणखी पक्के झाले. तरी काही लोक पैजा लावून रात्री त्याच्या बिळात टेरिअर घालतात. कुत्र्याचा जबडा फाटतो. डॉक्टरकडे न्यावे तर डॉक्टर विचारणार, हे कशाने झाले? म्हणून कुत्रा घरीच कुजतो. "त्यांना कुत्री पाळू देऊ नयेत," एवढे बोलून ते उठून गेले.

आणि टेरिअर तरी कामावाचून काय करतात? याच डोंगरांतल्या लेकलँड जातीच्या एका कुत्र्याने १९६७ साली क्रफ्ट्सच्या प्रदर्शनात पहिला मान पटकावला, दाढीमिशा विंचरून. निपच्या पॅटरडेल जातीला मात्र इंग्लंडच्या केनेल क्लबने आपल्या यादीत घेतलेले नाही. म्हातारबाबांना त्याचा अभिमान आहे. निप गोठ्यातले उंदीर मारतो. उंदरांना कायद्याचे संरक्षण नाही.

निघायच्या आदल्या दिवशी पहाटे ते मला वर घेऊन गेले. निप दोरीला बांधलेला. दगडी गडग्यापलीकडे एक बीळ होते. तोंडाशी ताजी उकरलेली माती, पिसे, आणि कोकराचा काळा, लोकरीचा पाय. आत पिल्ले असावीत, असे ते म्हणाले. कोल्हीण संध्याकाळी बाहेर पडेल, शेजारी बंदूक घेऊन बसेल, त्याला मनाई नाही.

"मग पिल्लांचे?" मी विचारले.

"उपाशी मरतील. चार दिवस लागतील. पूर्वी कुत्रा आत गेला की क्षणात संपायचे." थोड्या वेळाने स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "शेजाऱ्याला थांबायला सांगतो. पिल्ले हिंडूफिरू लागेपर्यंत. तोवर आणखी दोन-तीन कोकरे जातील."

निप भुंकला नाही. पुढचे पाय बिळाच्या तोंडाशी रोवून, मान खाली घालून तो उभा होता आणि त्याचे सारे अंग थरथरत होते. दोरी ताठ झाली होती. म्हातारबाबांनी खाली वाकून त्याला उचलले, काखेत घेतले आणि आम्ही उतरू लागलो. गडगा ओलांडून खालच्या ओढ्यापर्यंत येऊन पोचलो, तरी निपची मान मागेच वळलेली होती.