अंगावर पाजणारे

मराठी भाषेने माशांचा निवाडा केव्हाच करून ठेवला आहे. मासा म्हटला की तो पुल्लिंगी, मासोळी म्हटली की ती स्त्रीलिंगी. ॲमेझॉनच्या खोऱ्यातील डिस्कस मात्र या व्याकरणात सहजी बसत नाही. थाळीसारखा वाटोळा, दोन्ही अंगांनी चपटा असा हा मासा योहान याकोब हेकेल या ऑस्ट्रियन प्राणिशास्त्रज्ञाने १८४० मध्ये शास्त्राच्या दप्तरी नोंदवला. पुढे जगभरच्या काचपात्रांतून तो पोसला गेला, त्याचे नाना रंग माणसाने निपजवले. पण नर कोणता आणि मादी कोणती, हे एका दृष्टिक्षेपात सांगणारी खात्रीची खूण काही हाती लागली नाही.

ठोकताळे पुष्कळ आहेत. नर थोराड असतो, त्याचे कपाळ भरदार आणि पाठीवरच्या पराचे टोक लांबट असते, असे म्हणतात. परंतु चांगल्या पोसलेल्या मादीपुढे हे सारे ठोकताळे फसतात. म्हणून जाणता पाळणारा सहा-आठ पिले एकत्र वाढवतो आणि जोडी जुळवण्याचे काम त्यांच्यावरच सोपवतो. वर्ष-सव्वा वर्ष उलटते. मग एके दिवशी दोघे जण एक कोपरा आपलासा करतात, इतरांना हुसकावतात, एकमेकांसमोर माथा लववतात. अंगावरून शहारे जातात, शेपटीकडचा भाग काळवंडतो आणि एखादा उभा पृष्ठभाग तोंडाने घासूनपुसून स्वच्छ होऊ लागतो. याच सुमारास पोटाखाली इवलीशी नळी दिसू लागते: नराची बारीक व टोकदार, मादीची रुंद व बोथट. क्वचित दोन माद्याही असाच संसार मांडतात; त्यांची अंडी मात्र न फळता पांढरी पडतात. शेवटचा निर्वाळा अंड्याचाच.

फळलेली अंडीही पहिल्या काही खेपांना आईबापच खाऊन टाकतात. इथे माणसाच्या धीराची परीक्षा होते. कोणी अंडी उचलून वेगळी उबवतो, कोणी जोडीच फोडतो. जो थांबतो, त्याला मात्र एक विलक्षण दृश्य पाहायला मिळते. अठ्ठावीस-तीस अंश उष्ण पाण्यात सुमारे अडीच दिवसांनी अंडी फुटतात. आणखी दोन-तीन दिवसांनी पिले पोहू लागतात आणि थेट आईबापांच्या अंगाला जाऊन चिकटतात. त्या अंगावर पाझरणारा चिकट स्राव हेच त्यांचे पहिले अन्न. अंडी घातल्यावर या स्रावातील प्रथिने आणि रोगप्रतिकारक द्रव्ये वाढतात, असे २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले. 'अंगावर पाजणे' हा आपल्याकडचा आईपुरता शब्द. येथे तो अक्षरशः खरा होतो, आणि बापालाही लागू पडतो. एक थकला की अंगाला झटका देऊन पिलांना दुसऱ्याच्या हवाली करतो.

तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास दोघेही पिलांपासून दूर पोहू लागतात. पिले अंगावरून तुटतात, आपापले अन्न शोधू लागतात. आपल्याला पाजले ते आईने की बापाने, हा प्रश्न त्यांना कधी पडलेलाच नसतो.