जास्वंदीवरचा पिठ्या

आमच्या धाराशिवात बाग असणे ही श्रीमंती नव्हे, हट्ट आहे. बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातले हे कमी पावसाचे गाव. उन्हाळ्यात पाण्याचा पहिला मान पिण्याच्या हंड्यांचा; कुंड्यांच्या वाट्याला येते ते भाजी धुतलेले आणि भांडी विसळलेले पाणी. अशा पाण्यावर तगलेली एक जास्वंद, दोन गुलाब आणि दसऱ्यासाठी लावलेला झेंडू, एवढाच आमचा बगीचा. पण त्यातले फूल फार लांबवर जाते. जास्वंद आजीच्या गणपतीला, झेंडू तुळजापूरला निघालेल्या पाहुण्यांच्या परडीत, आणि उरुसाच्या दिवसांत गुलाब शेजारच्या चाचींबरोबर दर्ग्याला. म्हणून या झाडांना काही झाले, की घरात आजारी माणसासारखी चौकशी होते.

गेल्या चैत्रात जास्वंदीच्या शेंड्यांवर कापूस पिंजून चिकटवावा तसे पांढरे पुंजके दिसू लागले. आठवड्याभरात शेंडे आखडले, पाने मुडपली, कळ्या उमलण्याआधीच गळू लागल्या. खालची पाने चिकट झाली आणि त्यावर काजळी धरली. आजी म्हणाली, "दृष्ट लागली गं झाडाला." तात्या, म्हणजे माझे चुलते, शेतावरून आले होते. त्यांनी पान उलटून पाहिले. "दृष्ट नाही आई, पिठ्या ढेकूण हाय. द्राक्षावर पडतो तसलाच."

पुढचा प्रश्न अर्थातच "औषध कोणते?" हा होता. आपली भाषा मोठी गमतीची आहे. जे पोटात गेले तर माणूस मरतो, त्यालाही आपण औषधच म्हणतो! तात्यांच्या गोठ्यात अशा औषधाची अर्धी बाटली होती. मी ती मागितली, तर ते सरळ नाही म्हणाले. काही वर्षांपूर्वी तुरीवर फवारणी करताना त्यांना चक्कर आली होती. ती रात्र त्यांनी दवाखान्यात काढली आणि आम्ही बाहेरच्या बाकावर. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले, तेव्हा घरात पेपर मोठ्याने वाचायची कुणाची छाती झाली नव्हती.

"मग तुम्ही शेतात अजून का मारता?" मी विचारले.

तात्या म्हणाले, "पोरी, एक हंगाम गेला तर माझं कर्ज फिटत नाही. थांबायला मला सवड कुठाय? तुझ्या जास्वंदीवर कुठल्या बँकेचं कर्ज हाय? तुला थांबता येतं, तर थांब की."

हे वाक्य माझ्या मनात रुतून बसले. शेतकऱ्याला विषाबद्दल उपदेश करणे शहाण्यांना सोपे जाते. पण ज्याला धीर धरणे परवडत नाही तो फवारतो. आणि ज्यांना परवडते ते आपण, एका कुंडीसाठी शेतातली बाटली घरात आणतो. गल्लीतली पोरे जास्वंदीचे फूल तोडून त्याचे देठ चोखतात, हे कोणाच्या ध्यानातही राहत नाही.

मग आमचे थांबणे सुरू झाले. पण थांबणे म्हणजे स्वस्थ बसणे नव्हे. पिठ्याच्या अंगावर मेणासारखे आवरण असते, त्यामुळे नुसते पाणी घसरून जाते. फार लडबडलेले शेंडे कापून साबणाच्या पाण्यात बुडवले, उरलेले पुंजके जुन्या दातांच्या ब्रशने काढले. खोडावरून मुंग्यांची रांग चालली होती. पिठ्या रस शोषून गोड चिकटा टाकतो, मुंग्या तो खातात आणि मोबदल्यात त्याच्या शत्रूंना हाकलतात. म्हणून बुंध्याला कापडाची पट्टी गुंडाळून तिला ग्रीस फासले. रांग तुटली.

तात्यांनी मागच्या आषाढात वाळवलेल्या निंबोळ्या आणून दिल्या. लिटरभर पाण्यात ५० ग्रॅम भरड रात्रभर भिजवायची, सकाळी फडक्याने गाळायची, चिमूटभर साबणाचा चुरा घालून उन्हे उतरल्यावर पानांच्या खालच्या बाजूला फवारायची. दर आठ दिवसांनी हेच. कारण मेण न चढलेल्या पिल्लांवरच याची मात्रा चालते. १९६२ साली टोळधाड आली असताना दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत डॉ. प्रधान यांनी पिकांवर निंबोळीचे पाणी फवारले होते. टोळांनी त्या पिकाला तोंड लावले नाही. हे मी आजीला सांगितले, तर ती म्हणाली, "मग मी ज्वारीच्या कणगीत लिंबाचा पाला उगीच घालत होते व्हय?"

वैशाखाच्या शेवटी पिठ्यासारखेच पांढरे, पण मोठे आणि चपळ किडे झाडावर दिसले. आजी ब्रश घेऊन निघाली, तर तात्यांनी तिचा हात धरला. ती ढालकिड्याची पिल्ले होती, पिठ्यावर जगणारी. क्रिप्टोलिमस नावाचा हा ढालकिडा १८९८ साली ऑस्ट्रेलियातून भारतात आणला गेला, आणि आज द्राक्षबागायतदार तो मुद्दाम बागेत सोडतात. पपईवरच्या पिठ्याची हकीकत याहून मोठी. मूळचा मेक्सिकोकडचा हा किडा २००८ साली कोइमतूरला आढळला, मग महाराष्ट्रातही पोहोचला. पपई, तुती, जास्वंद, त्याला काहीच वर्ज्य नव्हते. फवारण्या थकल्या. २०१० साली बंगळूरच्या राष्ट्रीय संस्थेने पोर्तो रिकोहून डोळ्यांना जेमतेम दिसेल अशी एक गांधीलमाशीच्या कुळातली माशी आणून सोडली, आणि तिने तो किडा आवरला. म्हणजे शेतालाही हा मार्ग बंद नाही. पण त्यासाठी शेतकऱ्याच्या मागे कुणीतरी उभे राहावे लागते. एकट्या तात्यांनी किती धीर धरायचा?

आषाढाच्या पावसात जास्वंदीला नवे शेंडे फुटले. पहिले फूल आजीने न धुता देवाला वाहिले. झाडावर पिठ्या अजून चार-दोन ठिकाणी आहे. मी तो काढत नाही; सगळाच काढला, तर ढालकिडे खाणार काय?